वेळापत्रकातला धर्म

पनवेल तालुक्यातील शिरढोण हे गाव महाराष्ट्राला वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव म्हणून ठाऊक आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथे जन्मलेल्या फडक्यांनी इंग्रज सरकारविरुद्ध सशस्त्र बंड उभारले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या बंदिवासात त्यांचा अंत झाला, एवढा इतिहास शाळकरी मुलांनाही माहीत असतो. मात्र पुण्यातील पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन, म्हणजे पुढची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी, या संस्थेच्या संस्थापकांमध्ये वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या जोडीने फडक्यांचेही नाव घेतले जाते, हे त्या मानाने कमी जणांच्या लक्षात राहते. एकोणिसाव्या शतकात सरकारी आणि मिशनरी शाळांना पर्याय म्हणून आपल्या लोकांनी आपल्या शाळा काढाव्यात, हा विचार पुण्यात रुजत होता, आणि त्याच सुमारास मुंबईत कॅथलिक धर्मगुरू आपली महाविद्यालये उभारत होते. हे दोन प्रवाह एकमेकांकडे संशयाने पाहत असले, तरी परीक्षा उत्तीर्ण करून देणे म्हणजे शिक्षण नव्हे, शिक्षणाने माणूस घडला पाहिजे, या एका मुद्द्यावर त्यांचे एकमत होते. आज शिरढोणमधली बारावी झालेली मुलगी या दोन्ही परंपरांच्या महाविद्यालयांत एकाच आठवड्यात अर्ज भरते, आणि त्यामागचा जुना वाद तिच्या गावीही नसतो.

यांपैकी कॅथलिक परंपरेच्या उच्चशिक्षणसंस्थांत विद्यार्थ्यांचे अभ्यासाचे आयुष्य कसे असते आणि ते त्यांना कसे दिसते, याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. जे लिहिले जाते ते बहुधा धर्मांतराची भीती किंवा इंग्रजी शिक्षणाचे आकर्षण या दोन टोकांपैकी एकावर जाऊन थांबते. प्रत्यक्षात या संस्थांमधील बहुसंख्य विद्यार्थी कॅथलिक नसतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सर्व पंथांचे ख्रिस्ती मिळून लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आतच आहेत, त्यामुळे याहून वेगळे काही होणेही शक्य नव्हते. या बहुसंख्य विद्यार्थ्यांना संस्थेचा धर्म चॅपेलमध्ये, म्हणजे आवारातल्या छोट्या प्रार्थनामंदिरात, भेटत नाही, कारण तिकडे जाण्याची सक्ती त्यांच्यावर नसते. तो त्यांना भेटतो वेळापत्रकात: हजेरीच्या नियमात, वर्षभर चालणाऱ्या चाचण्यांत, वस्तीत जाऊन काम करण्याच्या तासांत आणि कोणत्या गोष्टीला किती वेळ द्यावा याविषयीच्या एका जुन्या, चिवट आग्रहात.

प्रथम दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. कॅथलिक म्हणजे रोमच्या पोपचे धर्माधिकार मानणारा ख्रिस्ती पंथ. मुंबईचे विल्सन महाविद्यालय स्कॉटिश मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेचे, तर सेंट झेवियर्स, सोफिया, वांद्र्याचे सेंट अँड्र्यूज आणि वसईचे संत गोन्सालो गार्सिया ही महाविद्यालये कॅथलिक परंपरेची. दुसरी संज्ञा कॅथलिक विद्यापीठ. तिची अधिकृत व्याख्या पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी काढलेल्या ‘एक्स कॉर्दे एक्लेसिए’ या आज्ञापत्रात सापडते. विद्यापीठ ही संस्था चर्चच्या अंतःकरणातून जन्मली, असे हे पत्र मानते. संशोधनाचे स्वातंत्र्य आणि संस्थेची स्वायत्तता यांची हमी ते देते, इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांच्या सद्सद्विवेकाचा आदर करण्यास सांगते आणि त्याच वेळी बिगर-कॅथलिक अध्यापक बहुसंख्य होऊ नयेत अशी अपेक्षाही ठेवते. भारतातील अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची निवड शासन आणि विद्यापीठ यांच्या नियमांनी होते, त्यामुळे ही शेवटची अपेक्षा येथे पाळणे अवघडच. शिवाय महाराष्ट्रातील सर्वसाधारण मराठी विद्यार्थी ज्या कॅथलिक संस्थांत शिकतो, त्यांपैकी नामांकित संस्था काटेकोर अर्थाने विद्यापीठे नाहीत. त्या मुंबई विद्यापीठासारख्या सार्वजनिक विद्यापीठाला जोडलेल्या आहेत. खऱ्या अर्थाने चर्चचे असलेले विद्यापीठ पुण्यात आहे, आणि त्याचे जग इतके निराळे आहे की त्याचा विचार पुढे वेगळा करावा लागेल.

वेळापत्रकाच्या आग्रहाचे मूळ सोळाव्या शतकात सापडते. जेझुइट, म्हणजे इग्नेशियस लोयोला यांनी स्थापलेल्या येशूसंघाचे धर्मगुरू, युरोपभर महाविद्यालये काढत होते, आणि ती सर्वत्र एकाच धर्तीवर चालावीत म्हणून त्यांनी १५९९ मध्ये ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ नावाची अध्ययनाची नियमावली पक्की केली. इयत्ता क्रमाने लावाव्यात, आदल्या दिवशीचा पाठ दुसऱ्या दिवशी म्हणून घ्यावा, आठवड्याच्या शेवटी आठवड्याची उजळणी व्हावी, विद्यार्थ्यांनी परस्परांशी वाद घालून विषय पक्का करावा, असे तिचे स्वरूप होते. वर्षाअखेरच्या एका परीक्षेपेक्षा रोजच्या छोट्या कसोट्यांवर भर देणारी ही पद्धत कोकणच्या किनाऱ्यावर मात्र नियमावली पक्की होण्याच्या आधीपासूनच अवतरली होती. गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालय १५४० च्या दशकात सुरू झाले, आणि भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये तेथेच लागला. त्या छापखान्यातून सर्वप्रथम बाहेर पडले ते धर्मग्रंथ नव्हते. विद्यार्थ्यांनी जाहीर वादसभेत मांडायचे आणि राखायचे सिद्धान्त छापलेली ती पत्रे होती. या देशातील मुद्रणाचा आरंभ विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षेच्या कागदांनी व्हावा, ही गोष्ट मराठी मुद्रणाच्या इतिहासात अधिक ठळकपणे सांगितली जायला हवी. वसईच्या किल्ल्यातही जेझुइटांच्या चर्चचे आणि महाविद्यालयाचे अवशेष आज पाहायला मिळतात. १६१६ मध्ये ओवीबद्ध मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स याच शिक्षणपरंपरेत वाढले होते.

मात्र या जुन्या पर्वाचा आणि आजच्या महाविद्यालयांचा संबंध सरळ रेषेत जुळत नाही, कारण मधल्या काळात पोर्तुगीज सत्तेने जेझुइटांना आपल्या मुलखातून हाकलले आणि त्यांच्या संस्था बंद पडल्या. मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ मध्ये निघाले ते जर्मन जेझुइटांच्या पुढाकाराने. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन धर्मगुरूंना शत्रुदेशाचे नागरिक ठरवून येथून दूर केले, आणि त्यांच्या जागी पुढे स्पेनमधून जेझुइट आले. या अदलाबदलीचा मराठी विद्याव्यवहाराला अनपेक्षित लाभ झाला. १९२२ मध्ये आलेले फादर हेन्री हेरास यांनी भारतीय इतिहासाला वाहून घेतले आणि १९२६ मध्ये महाविद्यालयात इतिहास संशोधन संस्था सुरू केली, जी त्यांच्या नावाने आजही ओळखली जाते. दुर्गा भागवत यांचा आरंभीच्या बौद्ध विनयातील न्यायव्यवस्थेवरचा प्रबंध १९३९ मध्ये ग्रंथरूपाने आला तो याच संस्थेच्या मालेत. एका मराठी हिंदू विद्यार्थिनीने स्पॅनिश कॅथलिक धर्मगुरूच्या संस्थेत बौद्ध भिक्षूंच्या कायद्यावर संशोधन करावे, ही घटना कॅथलिक विद्यापीठाच्या कल्पनेविषयी पोपच्या कोणत्याही आज्ञापत्राहून अधिक काही सांगते. याच दुर्गाबाईंनी १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केला. त्याचे श्रेय कोणत्याही महाविद्यालयाने घेण्याचे कारण नाही, पण पुराव्याशिवाय बोलायचे नाही आणि पुरावा मिळाल्यावर गप्प बसायचे नाही, ही सवय ज्या वातावरणात मुरते त्याची नोंद ठेवायला हरकत नसावी.

झेवियर्समध्येच विज्ञानाच्या बाजूला फादर एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइटाने १९०६ मध्ये सुरू केलेला वनस्पतिसंग्रह आहे. वाळवून दाबलेल्या वनस्पती स्थळ, तारीख आणि संग्राहकाचे नाव यांसह कागदावर चिकटवून जपून ठेवण्याच्या अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. फादर सांतापाव यांनी हे काम पुढे नेले, आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ पश्चिम घाटाच्या अभ्यासकांना अजूनही चाळावा लागतो. पुढे ते भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. शिरढोणच्या विद्यार्थ्याला कर्नाळ्याचे जंगल हाकेच्या अंतरावर आणि खंडाळ्याचा बोरघाट फार तर तासाभरावर असल्यामुळे या संग्रहाचे मोल मुंबईकर विद्यार्थ्यापेक्षा काकणभर अधिकच समजावे. तसे होत नसेल तर दोष विद्यार्थ्याचा नाही, त्याला हे कोणी सांगितलेले नसते एवढेच.

आता आजच्या दिवसाकडे पाहू. झेवियर्सला २०१० मध्ये स्वायत्तता मिळाली. स्वायत्त महाविद्यालय म्हणजे जे आपला अभ्यासक्रम स्वतः आखते, परीक्षा स्वतः घेते आणि निकाल स्वतः लावते, परंतु ज्याच्या विद्यार्थ्यांना पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच मिळते, असे महाविद्यालय. त्यामुळे झाले असे की सत्राअखेरच्या परीक्षेबरोबरच सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनालाही महत्त्व आले. चाचणी, निबंध, सादरीकरण, गटकार्य, पुन्हा चाचणी, हा क्रम ज्यांना ‘रात्सिओ’ची साप्ताहिक उजळणी आठवत असेल त्यांना परका वाटणार नाही. विद्यार्थी मात्र त्याकडे दोन तऱ्हांनी पाहतात. एका गटाच्या मते त्यामुळे वर्षभर अभ्यासाची लय टिकते, शेवटच्या महिन्यात गाइड घोकून उत्तीर्ण होण्याची वाट बंद होते आणि प्राध्यापकांशी बोलण्याचे निमित्त मिळते. दुसऱ्या गटाच्या मते सतत काहीतरी सादर करायचे असल्यामुळे वाचायलाच वेळ उरत नाही, आणि प्रत्येक गोष्टीला गुण असले की कुतूहलाने काही करण्याची सवय मोडते. दोन्ही गट खरे बोलत आहेत. फरक बहुधा घर किती दूर आहे यावर पडतो.

शिरढोण ते पनवेल एसटीने किंवा शेअर रिक्षाने, पनवेलहून हार्बर मार्गाच्या लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत सुमारे सव्वा तास किंवा थोडे अधिक, आणि तेथून कामा रुग्णालयाच्या बाजूने पायी झेवियर्स, असा हा प्रवास एका बाजूने दोन तासांच्या घरात जातो. सकाळच्या पहिल्या तासाला वेळेवर पोचायचे तर गावातून उजाडण्याआधी निघावे लागते, आणि संध्याकाळी विद्यार्थी मंडळाची बैठक किंवा ‘मल्हार’ महोत्सवाची तालीम असली तर घरी यायला रात्र होते. महाविद्यालयीन आयुष्याचा निम्मा आनंद तासांच्या बाहेर असतो असे जुने विद्यार्थी सांगतात, ते खरेच आहे, पण तो निम्मा भाग दादर-गिरगावात राहणाऱ्यांच्या वाट्याला येतो आणि पनवेलकराच्या वाट्याला ७५ टक्के हजेरीचा नियम येतो. हा नियम कॅथलिक संस्थांनी शोधून काढलेला नाही, तो विद्यापीठाचाच आहे. तथापि, इतरत्र तो कागदावर राहतो आणि या संस्थांत तो बहुधा पाळला जातो, अशी त्यांची ख्याती आहे. पालकांना ही ख्याती आवडते, विद्यार्थ्यांना तिचा जाच होतो. पदवी हातात पडल्यावर मात्र तेच विद्यार्थी आपल्या धाकट्या भावंडांना तेथेच घाला म्हणून सांगतात.

सामाजिक सहभागाच्या तासांची गोष्टही अशीच दुहेरी आहे. जेझुइट शिक्षणात विद्यार्थ्याने दुसऱ्यांसाठी जगणारा माणूस व्हावे, ही अपेक्षा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार आग्रहाने मांडली गेली, आणि तिला अनुसरून अनेक महाविद्यालयांनी वस्तीतली शिकवणी, रुग्णालयातील मदत, अंध विद्यार्थ्यांसाठी वाचन किंवा लेखनिकाचे काम अशा उपक्रमांना अभ्यासक्रमात श्रेयांक दिले. श्रेयांक म्हणजे एखाद्या अभ्यासघटकासाठी द्यावयाच्या वेळेचे आणि श्रमाचे ठरवलेले माप. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे समाजाशी जोडलेल्या कामाला सर्वच विद्यापीठांत श्रेयांक मिळू लागल्याने या बाबतीतले वेगळेपण कमी होत चालले आहे. विद्यार्थ्यांची मुख्य तक्रार अशी की सेवा सक्तीची केली की ती सेवा उरत नाही, ती तास भरण्याची कवायत होते. ही तक्रार खोडून काढणे कठीण आहे. तरीही तिच्यात एक गोष्ट राहून जाते: ज्या घरात कष्टाचे आणि दारिद्र्याचे जग रोज समोर असते, त्या घरातल्या मुलाला वस्तीत नेऊन दाखवण्यासारखे काही नसते. कातकरी वाडीच्या शेजारी वाढलेल्या पनवेलच्या विद्यार्थ्याला दक्षिण मुंबईतील सहाध्यायाइतका या उपक्रमाचा धक्का बसत नाही, आणि वर्गातील चर्चेत त्याचे हे आधीचे ज्ञान क्वचितच विचारले जाते. उपक्रम आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अजूनही सुखवस्तू शहरी मुलगाच आहे, असे यावरून वाटते.

भाषेचा प्रश्न याहून मोठा आहे. रायगड जिल्ह्यातील मुलांची शाळा बहुधा मराठी माध्यमाची असते, आणि कॅथलिक महाविद्यालयांतील अध्यापन इंग्रजीत चालते. पहिल्या सत्रात वर्गात प्रश्न न विचारणारा विद्यार्थी हुशार नसतो असे नाही, तो वाक्य मनात जुळवत असतो आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. येथे धर्म आणि भाषा यांची सांगड किती फसवी आहे हे पाहायचे तर याच जिल्ह्यातील रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावाचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील कॅथलिक कुटुंबांची घरची बोली पोर्तुगीजवर आधारलेली आहे, शाळा आणि बाजार मराठीत, आणि चर्चची उपासनाही मराठीशी जोडलेली. अशा घरातला कॅथलिक मुलगा मुंबईच्या कॅथलिक महाविद्यालयात आला तर धर्म एक असूनही तेथील इंग्रजी वातावरण त्याला शिरढोणच्या आगरी मुलाइतकेच परके वाटेल. वसईच्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजाचा अनुभव फार वेगळा नाही. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच समाजातले होते, हे आठवले म्हणजे ख्रिस्ती माणूस इंग्रजाळलेलाच असणार हा समज किती पोकळ आहे ते कळते. महाविद्यालयांतील मराठी वाङ्मय मंडळे ही या मुलांची हक्काची जागा ठरतात, आणि झेवियर्समधील असे मंडळ बरेच जुने आणि कार्यशील आहे. पण मंडळ म्हणजे वर्ग नव्हे.

प्रवेशाच्या टप्प्यावर विद्यार्थ्यांच्या मनात सर्वाधिक गोंधळ असतो तो कायद्याविषयी, म्हणून त्याची थोडी फोड करणे आवश्यक आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्यानुसार अल्पसंख्याक संस्था आपल्या समाजासाठी काही जागा राखून ठेवू शकतात. दुसऱ्या बाजूने अनुच्छेद २८ असे सांगतो की शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतील कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. त्यामुळे कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास असेल तेव्हा इतरांसाठी मूल्यशिक्षणाचा तास असतो, आणि त्या तासाला शिकवणारा कसा आहे यावर तो रंगतो किंवा झोप आणतो. तिसरी तरतूद फार कमी पालकांना माहीत असते: २००५ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद १५ (५) नुसार मागासवर्गीयांसाठीचे प्रवेशाचे आरक्षण अल्पसंख्याक संस्थांना बंधनकारक नाही. शिरढोण परिसरातील इतर मागासवर्गीय किंवा आदिवासी विद्यार्थ्याने सरकारी महाविद्यालयात मिळणारी राखीव जागा येथेही मिळेलच, असे गृहीत धरले तर त्याची निराशा होते. सामाजिक न्यायाची भाषा इतक्या जोराने बोलणाऱ्या संस्थांच्या प्रवेशयादीत ही पोकळी राहावी, हे विसंगत आहे, आणि विद्यार्थी ते बोलून दाखवतात.

ज्यांना कलाशाखेपेक्षा तंत्रशिक्षण हवे असते त्यांच्यासाठी कॅथलिक संस्था अर्ध्या वाटेवरच, वाशीला, आहे. गोव्यातील पिलार येथील धर्मगुरू आग्नेल डिसूझा यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांचे १९९४ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय नवी मुंबई आणि पनवेल भागातील विद्यार्थ्यांना हार्बर मार्गावरच सापडते. येथील अभ्यासक्रमावर तंत्रशिक्षणाच्या नियामक यंत्रणांचे नियंत्रण असल्यामुळे कॅथलिकपणा अभ्यासात शोधून सापडणार नाही. विद्युतमंडलाला धर्म नसतो. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात येथेही शिस्त, प्रयोगशाळांची देखभाल आणि नोकरीसाठी येणाऱ्या कंपन्या हेच विषय असतात.

याउलट पुण्याच्या नगर रस्त्यावर रामवाडी येथे असलेले ज्ञानदीप विद्यापीठ संपूर्णपणे चर्चचे आहे, आणि बहुसंख्य पुणेकरांनी त्याचे नावही ऐकलेले नसते. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे भारतीय उपखंडातील धर्मगुरू तयार करण्यासाठी स्थापन केलेले हे विद्यालय भारत स्वतंत्र झाल्यावर १९५५ मध्ये पुण्याला हलवण्यात आले. तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान, म्हणजे श्रद्धेचा शास्त्रशुद्ध विचार करणारी ज्ञानशाखा, हे त्याचे मुख्य विषय. येथील पदव्या रोमच्या अधिकाराने दिल्या जातात आणि त्यांचे टप्पे बॅचलर, लायसेन्शिएट आणि डॉक्टरेट असे आहेत. मधला टप्पा साधारणपणे आपल्याकडच्या पदव्युत्तर पदवीसारखा असून चर्चच्या विद्यालयात शिकवण्याचा परवाना म्हणून तो समजला जातो. विद्यार्थ्यांत पुरोहितपदाची तयारी करणारे तरुण सर्वाधिक, त्यांच्यासोबत धर्मभगिनी आणि काही सर्वसामान्य स्त्रीपुरुषही. केरळ, तमिळनाडू, झारखंड, ईशान्य भारत, गोवा, वसई अशा ठिकाणांहून आलेले हे तरुण एकाच वर्गात बसतात, आणि कॅथलिक असूनही त्यांच्या उपासनापद्धती निरनिराळ्या असतात.

या विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात खासगी असे फारसे काही नसते. पहाटेची प्रार्थना, मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), वर्ग, सामायिक जेवण, श्रमाचे काम, वाचन, आणि झोपण्यापूर्वी दिवसभरातल्या आपल्या वागण्याचे परीक्षण, हा क्रम त्यांना वर्षानुवर्षे पाळावा लागतो. आत्मपरीक्षणाची ही पद्धत लोयोलांनी घालून दिलेली आहे. जेझुइट होऊ पाहणाऱ्याला धर्मगुरू म्हणून दीक्षा मिळेपर्यंत दहाहून अधिक वर्षे लागू शकतात. त्यात तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान यांच्या दरम्यान शाळेत किंवा आदिवासी भागात प्रत्यक्ष कामाचा काळही येतो. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी लांब वाटणाऱ्यांना हा पल्ला अविश्वसनीय वाटेल. अभ्यासाच्या आशयातही एक आश्चर्य आहे. बेल्जियमचे जेझुइट फादर रिचर्ड द स्मेत यांनी शंकराचार्यांच्या पद्धतीवर रोमला १९५३ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या भावी धर्मगुरूंना अद्वैत वेदान्त शिकवला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्य यांविषयी आदराची भूमिका जाहीर केली, पण पुण्याच्या या वर्गांत उपनिषदांचे वाचन त्याआधीपासून चालू होते. धर्मगुरू होण्यासाठी आलेल्या तरुणाची श्रद्धा येथे आधी प्रश्नांच्या भट्टीतून जाते. काही जण मध्येच वाट बदलतात, आणि संस्थेला ते अपयश वाटत नाही. परीक्षण प्रामाणिक असेल तर त्याचा निष्कर्ष ‘नाही’ असाही येऊ शकतो, हे ती मान्य करते.

प्रश्न विचारण्याच्या या स्वातंत्र्याची बाहेरच्या जगात सीमा कोठे पडते, याचे अलीकडचे उदाहरण पनवेल तालुक्याशी जोडलेले आहे. झारखंडमधील आदिवासींमध्ये काम केलेले जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांना एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली, त्यांना तळोजा मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले आणि खटला उभा राहण्यापूर्वीच ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ स्थलांतरितांच्या उपजीविकेवर ठेवलेले व्याख्यान अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या आक्षेपानंतर झेवियर्सने रद्द केले. दहशतवादी कारवायांशी संबंधाचा आरोप असलेल्या व्यक्तीचा महाविद्यालयात गौरव होऊ नये, ही आक्षेप घेणाऱ्यांची बाजू होती, तर आरोप सिद्ध झालेला नसताना एका शिक्षणसंस्थेने आपल्याच संघाच्या दिवंगत सदस्याच्या स्मृतीचे व्याख्यान मागे घ्यावे हे शैक्षणिक स्वातंत्र्याला बाधक आहे, ही दुसरी. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच की व्याख्यान झाले असते तर दोन्ही बाजूंना प्रश्न विचारता आले असते. ज्या परंपरेने या देशात पहिल्यांदा छापले ते विद्यार्थ्यांच्या वादसभेचे कागद, तिच्या वारसदारांनी वादसभाच टाळणे शोभत नाही.

पनवेल परिसरातील ज्या पालकांना आपल्या मुलामुलींना अशा महाविद्यालयात पाठवायचे आहे, त्यांनी प्रार्थनेची चिंता सोडून द्यावी आणि प्रवेशपुस्तिकेत चार गोष्टी आधी वाचाव्यात: हजेरीचा नियम, अंतर्गत गुणांची विभागणी, कोट्यांचा तक्ता आणि वसतिगृहाची सोय. महाविद्यालयांनी करायची गोष्ट एकच आहे, आणि ती खर्चिक नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतून विषय समजून घेण्याचा आणि मांडण्याचा वर्ग पहिल्याच सत्रात, श्रेयांकांसह, अकरा ते चार या वेळेत ठेवावा. तो संध्याकाळी ऐच्छिक म्हणून ठेवला तर पनवेलची लोकल पकडणारे विद्यार्थी त्याला बसू शकणार नाहीत, आणि ज्यांच्यासाठी तो काढला तेच बाहेर राहतील.